या महिन्यात काय वाचलं?



बैठकीत बचत गोळा झाली, परतफेडीच्या नोंदी झाल्या, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की सतरंजी गुंडाळायच्या आधी आपण पाच-दहा मिनिटं बसतोच. कुणाच्या मिरचीवर रोग पडला, कुठल्या डॉक्टरच्या औषधानं गुण आला, पापडाचं पीठ कुणाकडून घ्यायचं, हे सगळं त्या पाच-दहा मिनिटांत कळतं. एकीनं खात्री दिली की दुसरी बिनधास्त घेते. जाहिरातीपेक्षा आपल्या गटातल्या बाईच्या शब्दाला वजन जास्त.

मग एक विचारते. "मी हे पुस्तक वाचलं, तूही वाच," असं तुम्हांला शेवटचं कोण म्हणालं होतं? आणि तुम्ही कुणाला म्हणाला होता? बहुतेक जणींना शाळा आठवेल, नाहीतर काहीच आठवणार नाही. यात आपला दोष नाही. पुस्तकाचं दुकान तालुक्याला, घरात वर्तमानपत्र आलं तर ते आधी पुरुषांच्या हातात आणि मग भजी ठेवायला. अशात पुस्तक आपल्यापर्यंत यायचं तर ते आपल्यातल्याच कुणाच्या तरी हातून यायला हवं. म्हणून या अंकात वाचलेलं एकमेकींना कसं सांगायचं, त्याबद्दल लिहिते आहे. दशसूत्रीत शिक्षण आहे. ते फक्त लेकरांचं नाही, आपलंही आहे.

आधी माझी चूक सांगते

आमच्या गटात बैठकीची शेवटची दहा मिनिटं पुस्तकासाठी ठेवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त उत्साह मला होता. गटात एक ताई आहेत, शिक्षण चौथीपर्यंत. लग्नानंतर सहीपलीकडं अक्षराशी संबंध राहिला नव्हता. त्यांनी हौसेनं पुस्तक मागितलं. मी काय केलं? मला आवडलेलं, चांगलं जाडजूड, बारीक अक्षराचं पुस्तक सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे वाचाच. पुढच्या बैठकीत सांगायचं हं."

पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "येळच नाही झाला." त्याच्या पुढच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. बचत लेकीच्या हाती पाठवली. तिसऱ्या वेळीही तेच. मला वाटलं, शेतातली कामं असतील. शेवटी घरी गेले. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर जपून ठेवलं होतं. म्हणाल्या, "ताई, मला पहिल्या पानाच्या पुढं जाताच येईना. समद्या बायांसमोर काय सांगू? म्हणून आलेच नाही."

बघा, एका पुस्तकापायी मी एका सभासदाला बैठकीतून घालवायला निघाले होते. पुस्तक चांगलंच होतं. पण कुणाला देतेय, हे मी पाहिलं नाही. बी कितीही चांगलं असलं तरी जमीन न बघता आपण पेरतो का? तेच इथं चुकलं.

मी पुस्तक परत घेतलं आणि 'किशोर' मासिकाचे दोन जुने अंक नेऊन दिले. 'किशोर' बालभारती काढते, १९७१ सालापासून. आहे मुलांसाठी, पण गोष्टी छोट्या आणि चित्रं भरपूर. सांगायची सक्ती नाही, हेही सांगितलं. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःहून हात वर केला आणि एक गोष्ट सांगितली. मधेच अडल्या, हसल्या, पण पूर्ण सांगितली.

सांगताना चार गोष्टी सांगा

त्यानंतर आम्ही पुस्तक सांगायची एक साधी रीत ठरवली. चारच गोष्टी सांगायच्या.

पहिली, पुस्तक कुणाचं आणि कशाबद्दल आहे. दोन वाक्यांत.

दुसरी, मला त्यातलं कुठलं ठिकाण धरून बसलं. "छान आहे" एवढ्यानं काही कळत नाही. "सासू पाटी लपवते ती जागा वाचताना माझं मला आठवलं," असं सांगितलं की ऐकणारीला कळतं की यात आपलंही काही आहे.

तिसरी, वाचायला कसं आहे. जाड की पातळ, अक्षर मोठं की बारीक, भाषा आपली की पुस्तकी. नव्यानं वाचायला लागलेल्या बाईला हीच माहिती सगळ्यांत जास्त लागते.

चौथी, कुणाला आवडेल. "ज्यांच्या मुली दहावीला आहेत त्यांनी वाचा," किंवा "नुकतं वाचायला लागलात तर हे आत्ता नको, नंतर," असं मोकळेपणानं सांगा.

आणि दोन पथ्यं. न वाचलेलं पुस्तक दुसरीला सुचवायचं नाही. आणि शेवट सांगायचा नाही. शेवट कळला तर ती कशाला वाचेल?

पुस्तक आवडलं नाही तर तसंही सांगा. "मला कंटाळा आला, वीस पानांनंतर सोडलं," असं म्हणायला लाजू नका. गटात खरं बोललं तरच एकमेकींच्या शब्दावर भरवसा राहतो.

आमच्या गटात फिरलेली पाच पुस्तकं

आता याच रीतीनं पाच पुस्तकं सांगते. सगळी मराठी, आणि सगळ्यांत कुठं ना कुठं आपल्यासारखी बाई आहे.

'श्यामची आई', साने गुरुजी. गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, छापून आलं १९३५ मध्ये. श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, म्हणून धड्यांना नावंही 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी. आमच्यासाठी हीच सोय झाली. एका बैठकीत एक रात्र वाचायची. रोज थोडं वाचणारीलाही हे सोपं जातं. मला धरून बसलं ते त्या आईचं दारिद्र्य. लेकराला वळण लावणारी ती माउली स्वतः किती सोसते, ते लहानपणी वाचताना कळलं नव्हतं. सुरुवात करणाऱ्या सगळ्यांसाठी.

'बहिणाबाईंची गाणी', बहिणाबाई चौधरी. जळगावकडच्या शेतकरी बाई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, घरकाम करताना ओव्या-गाणी सुचायची, त्या म्हणायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. घरच्यांनी ती गाणी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं. विचार करा, घरच्यांनी लिहून घेतलं नसतं तर सगळं वाऱ्यावर गेलं असतं. आपल्या आजीच्या किती ओव्या अशा गेल्या? पुस्तक पातळ आहे, पण भाषा खानदेशी वळणाची. म्हणून मनात वाचण्यापेक्षा मोठ्यानं वाचा. कान लवकर ओळखतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी हे आधी ऐकावं.

'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', रमाबाई रानडे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी. १८७३ साली लग्न झालं तेव्हा वय अकरा आणि अक्षरओळख नाही. नवऱ्यानं शिकवायला घेतलं, पण घरातल्या मोठ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं सोसून त्या शिकल्या, आणि पुढं पुण्याच्या सेवासदनातून कितीतरी बायकांना शिकवण्याचं काम केलं. १९१० साली हे पुस्तक आलं. भाषा जुनी आहे, थोडं सावकाश वाचावं लागतं. वाचायला बसलं की घरात कुरकुर होते, अशा सगळ्या सुनांनी वाचावं. आणि आता आपण सासवा झालो आहोत, तर आपणही वाचावं.

'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळक. कवी नारायण वामन टिळक यांच्या पत्नी. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या. नवऱ्यानं १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, दोघांची काही वर्षं ताटातूट झाली, पुढं त्या परत त्यांच्याकडं गेल्या. एवढं दुःख, पण सांगण्याची तऱ्हा अशी की डोळ्यांत पाणी असतानाच हसू येतं. आपली फजिती त्या स्वतःच सांगतात. १९३४ पासून भागाभागांनी हे पुस्तक निघालं. जाड आहे. मी त्या ताईंच्या हातात दिलं होतं ते हेच. ज्यांना वाचायची सवय आहे त्यांनी घ्या, बाकीच्यांनी यातले तुकडे ऐका.

'जिणं आमुचं', बेबीताई कांबळे. फलटणच्या. छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दीचे कागद यायचे, ते वाचत वाचत वाचनाची गोडी लागली. मग दुकानात बसून स्वतःच्या समाजाची, महार वस्तीतल्या बायकांची कहाणी लिहायला घेतली. पण नवऱ्याला कळू नये म्हणून वर्षानुवर्षं लिहिलेलं लपवून ठेवलं. १९८६ साली पुस्तक आलं. उपासमार, बाळंतपणं, सासुरवास, आणि मग बाबासाहेबांच्या विचारानं माणसं कशी उभी राहिली, ते सगळं यात आहे. भाषा बोलल्यासारखी आहे.

या पुस्तकाबद्दल एक वेगळं सांगायला हवं. आपल्या गटांत सगळ्या जातींच्या बाया आहेत. हे वाचताना काही जणींना आपलं घर आठवेल, तर काही जणींना मान खाली घालावीशी वाटेल. आमच्याकडं हे वाचलं त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "आमच्या घरी पण पाणी वरूनच वाढायचे. मी पण तसंच वाढलंय." त्यांच्या शेजारी बसलेली बाई काही म्हणाली नाही, पण उठूनही गेली नाही. सगळंच लगेच मिटवायची घाई करू नका. एकत्र बसून ऐकलं, एवढंही त्या दिवसापुरतं पुष्कळ असतं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

हा प्रश्न दर गटात येतो. उत्तर आपल्या घरातच आहे. श्रावणात पोथी लागते तेव्हा वाचणारी एक असते आणि ऐकणाऱ्या दहा. 'हरिविजय', 'शिवलीलामृत' आपल्या आज्यांना पाठ होतं, ते वाचून नाही, ऐकून. तसंच करायचं. एकीनं दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं. घरी लेक वाचेल, आई शेंगा फोडत ऐकेल. लेकीचंही वाचन सुधारतं.

ऐकणारीनंही सांगायचं. "मी वाचलं" ऐवजी "मी ऐकलं" म्हणायचं, एवढाच फरक. आमच्याकडं सगळ्यांत चांगलं सांगणारी बाई अंगठा लावणारी होती. होती म्हणते, कारण आता ती सही करते.

वेळ कुठून आणायचा आणि घरचे काय म्हणतील?

बाई टीव्हीसमोर बसली तर कुणी काही म्हणत नाही, पुस्तक घेऊन बसली की "काम नाही वाटतं?" असं ऐकू येतं. रमाबाईंच्या काळात होतं, आजही आहे. भांडून उपयोग नाही, पण सोडूनही देऊ नका. रोज दोन पानं ठरवा. कुकरची शिट्टी होईस्तोवर, मोटर चालू असेस्तोवर, दवाखान्यात नंबर लागेस्तोवर. रोज दोन पानं म्हणजे महिन्याला साठ पानं. पातळ पुस्तक महिन्या-दीड महिन्यात संपतं. आणि एक युक्ती. घरच्यांनाही त्यातली गोष्ट जेवताना सांगा. ज्या सासऱ्यांनी आधी कुरकुर केली, त्यांनीच नंतर "पुढं काय झालं त्या पोराचं?" असं विचारल्याचं मी पाहिलं आहे.

पुस्तकाचंही दप्तर ठेवा

आपण पैशाचं दप्तर चोख ठेवतो, तसंच पुस्तकाचंही ठेवायचं. एक साधी वही करा. रकाने असे: पुस्तकाचं नाव, कुणाचं आहे, कुणी नेलं, कधी नेलं, कधी परत केलं. मुदत एक महिना. संपलं नाही तर पुढच्या बैठकीत सांगून मुदत वाढवून घ्यायची, पण सांगायचं. पुस्तकं गटाच्या पेटीत किंवा ज्या घरात ओल येत नाही तिथं ठेवा. पान दुमडू नका, खुणेला दोरा घाला. पुस्तक हरवलं तर काय करायचं ते आधीच ठराव करून लिहून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको.

हे आपल्या अंतर्गत कर्जासारखंच आहे. नेलेलं परत आणायचं. आणि व्याज किती? बैठकीत चार वाक्यं सांगायची, हेच व्याज. ज्या बाईला सांगायचं नसेल तिला माफ. त्या ताईंच्या वेळी मी शिकले ते हेच, की व्याजाच्या भीतीनं कुणी पुस्तक घ्यायचं थांबता कामा नये.

अजून एक पथ्य. पुस्तकातल्या बाईबद्दल बोलता बोलता आपली मैत्रीण कधी स्वतःबद्दल बोलायला लागते. घरातली मारहाण, माहेरचा अपमान, काहीही. ते बैठकीबाहेर जाऊ द्यायचं नाही, वहीत लिहायचं नाही. तिला मदत हवी असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि तातडीच्या वेळी ११२. नंबर सांगा, सोबत बसा, पण निर्णय तिचा तिला घेऊ द्या.

पुस्तकं मिळवायची कुठून?

विकतच घ्यायला हवीत असं नाही.

- गावात किंवा शेजारच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे का, बघा. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयाचा कायदा आहे आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. तिथं सभासद होता येतं. बायकांनी जायची रीत नसेल तर पहिल्या दिवशी चार-पाच जणी मिळून जा.
- शाळेतल्या गुरुजींना, बाईंना विचारा. शाळेच्या कपाटात गोष्टींची पुस्तकं असतात. आपण पालक आहोत, विचारायचा हक्क आहे.
- मुलांची मागच्या वर्षीची मराठीची पुस्तकं रद्दीत घालू नका. तिसरी-चौथीचं पुस्तक नव्यानं वाचणारीला उत्तम.
- मोबाइलवर 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचीही पुष्कळ पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मुलांना सांगा, ते काढून देतील.
- जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथोत्सव भरतो. तिथं पुस्तकं एका ठिकाणी बघायला मिळतात. दहा जणींनी थोडी थोडी वर्गणी काढली तरी दोन-तीन पुस्तकं येतात.

आणि कधी अभ्यास दौऱ्याचा विषय निघाला तर सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावाचं नाव सुचवा. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं ठेवली आहेत. कुणीही जावं, बसून वाचावं. ज्या गावात शेतकऱ्याच्या ओसरीवर वाचनालय होऊ शकतं, तिथं आपल्या गटाच्या पेटीत दहा पुस्तकं राहायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीत एवढं करा

एक पुस्तक आणा. घरात असेल ते. अर्धं वाचलेलं चालेल, मुलाचं चालेल. एकीनं दोन पानं मोठ्यानं वाचायची, एकीनं चार गोष्टी सांगायच्या, आणि सचिव ताईंनी वहीत पहिली नोंद करायची. बस, सुरुवात झाली.

त्या ताईंचं सांगायचं राहिलं. परवा त्यांनी मला 'श्यामची आई' परत दिलं. त्यातली एक 'रात्र' त्यांनी दोनदा वाचली होती. म्हणाल्या, "तुम्ही हे लहानपणी वाचलं असंल. आता परत वाचा, येगळं लागंल. पण घाई नाही, जमंल तवा." मी तेव्हा कशी चुकले होते, ते त्यांच्या या शेवटच्या वाक्यातच होतं. त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं, तरी मला बरोबर लागलं.

तुमच्या गटात काय वाचलं, काय ऐकलं, ते चार ओळींत लिहून सीआरपी ताईंकडं द्या. लिहिता येत नसेल तर त्यांना सांगा, त्या लिहून घेतील. पुढच्या अंकात आपण ते छापू. तुमच्या चार ओळी वाचून दुसऱ्या गावातली एखादी बाई ते पुस्तक शोधायला निघेल.